उजवा बूट त्यांचा

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी बुटांच्या कारखान्यातल्या कामगाराशी बोलत होत्या.

"अहो दादा, डाव्या पायात नवाकोरा बूट आणि उजवा पाय अनवाणी?"

"आम्ही डावा शिवतो मावशी, उजवा सीमेपलीकडचे शिवतात. सरकारांचं भांडण जुंपलं, कर चढला, उजवे तिकडेच अडकले."

"मग उजवाही इथेच शिवा की!"

"मालकही तेच म्हणतो, वर पगारवाढ देतो म्हणतो. पण तिकडच्यांनी काय माशा मारत बसायचं? युनियननं ठरवलंय, कर उठेपर्यंत एकाच बुटावर चालायचं. तेही नुसत्या उजव्यावर चालतायत. त्यांच्या दवाखान्यात सगळे डावे पाय आलेत."

"पण खिळा तुमच्या पायात घुसलाय ना!"

"पाय माझाच आहे हो मावशी. बूट त्यांचा आहे."