झाकलेलं ताट

जपानात पण 'हाय' म्हणत्यात, ठाऊक हाय का तुमाला? त्यांच्यात त्याचा अर्थ 'हो'. त्या एका शब्दानं माझी पार वाट लावली.

पोराकडं गेलो होतो. त्याला सुट्टी मिळंना, म्हणून त्यानं मला एकट्यालाच बेटाच्या बोटीत बसवलं. म्हणला, "बाबा, आज कुटं पळायचं न्हाय. निवांत समुद्र बघा, तितलं काय ते खावा, चारच्या बोटीनं या."

दुपारी एका म्हातारीच्या खानावळीत बसलो. तिनं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं हात केला. "ओकुसान?"

हा शब्द पोरानं शिकवला होता. ओकुसान म्हणजे बायको. आमची ही जाऊन दोन वर्षं झाली की. मी आपल्या सोलापूरच्या सवयीनं म्हणलो, "न्हाय."

तिला ऐकू आलं 'हाय'. दोन ताटं आणून ठेवली. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं.

मी पोराला फोन लावला. "अरे, हिला सांग की, आई न्हाय म्हणून."

पोरगं म्हणलं, "मला न्हाय जमायचं, बाबा."

म्हातारी दोनदा दारात जाऊन रस्ता बघून आली. मग तिनं दुसरं ताट झाकून ठेवलं, गार होऊ नये म्हणून.

चारच्या बोटीला उठलो, तवाबी ते झाकलेलंच होतं.