बेटावर सुटलेल्या वहिनी

भिया, नळावर मी अर्धंच ऐकलं, "मिलचे टाइमकीपर पवारजी वहिनींना बेटावर टाकून एकटेच..." तेवढ्यात पाणी आलं अन् बायका बादल्यांकडे धावल्या. मला कुठलं चैन! साखर मागायच्या निमित्ताने पवारजींकडे गेले, तर दार वहिनींनीच उघडलं.

"तुम्ही इथे?"

"कुठे असणार? बेटावर फिरायला भाड्याने गोल्फची गाडी घेतली होती. मध्येच बोटीचा भोंगा वाजला. मिल बंद होऊन चार वर्षं झाली, पण यांना वाटलं सुट्टी झाली. डबा उचलून तडक बोटीत! बोट सुटली."

"हाय राम! मग?"

"गाडी मीच हाणत धक्क्यावर आणली. पुढच्या बोटीने आले."

म्हणजे टाकलं, हे खरं. पण पवारजी पळाले नव्हते. पलीकडच्या धक्क्यावर घड्याळ बघत उभे होते. वहिनी उतरल्या तर म्हणाले, "एक तास लेट."