मावशीच्या खुंट्या

चितेगावजवळच्या मुरमाच्या खदानीचं सांगितलं का तुम्हाला? खदान बुजवून वर माती पसरली, गवत लावलं आणि मी लोखंडी सळया पार जमिनीबरोबर ठोकल्या. माती वाहून गेली की सळई तेवढी उघडी पडते, एवढं साधं माप. पावसाळा संपल्यावर बघतो तर प्रत्येक सळई वीतभर वर! म्हणजे वीतभर माती वाहून गेली, असंच धरलं मी.

तेवढ्यात शेळ्या राखणारी एक मावशी तणतणत आली.

"खुंट्या तूच ठोकल्या व्हय रं? इतक्या खोल? दावं बांधायचं कुठं माणसानं? समद्या म्याच वर उपसल्या."

"म्हणजे मावशी, माती गेली नाय?"

"कुठं जाती? खुंटी सोडंना ती! हे बघ, हात सोलले माझे!"