आई तरंगली ती सकाळ

माझ्या हाताखाली इतकी पोरं पोहायला शिकली, पण सगळ्यात अवघड विद्यार्थिनी कोण होती, सांगू? माझी आई.

मी राज्य स्पर्धांत पोहायची तेव्हा ती प्रत्येक शर्यतीला यायची आणि डोळे मिटून बसायची. वडनेर भोलजीत सारा जन्म शेतीत गेला तिचा, गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरली नव्हती.

पुढे शर्यती सुटल्या आणि मी बुलढाण्यात कोच झाले. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. तिला झोपच लागेना. एकदा पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसल्या बसल्या म्हणाली, "मले बी शिकव."

कितीतरी दिवस ती पाण्यात नुसती कठडा धरून उभी राहिली. मग एका सकाळी पाठीवर निजायला तयार झाली. मी मानेखाली आणि कमरेखाली हात दिले.

"सोडू नको वं!"

"नाही सोडत. वर आभाळ पाह्य."

कान पाण्यात गेले तशी ती आभाळाकडे पाहू लागली. अंग सैल पडलं. मी हळूच हात काढून घेतले, तरी तिला कळलं नाही. वर पांढरे ढग सावकाश सरकत होते आणि खाली आई सरकत होती. मला वाटलं, हिला उठवूच नये.

शेवटी खांद्याला हात लावला. "आई, तू एकटीच तरंगत होतीस!"

ती उभी राहिली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "पाण्यात इतकं निवांत वाटते, मंग तू एवढी घाई काऊन करत होती वं?"