नानांच्या अंगाला मुंग्या

रेवती बल्ब घ्यायला मुलुंडच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरली, तर दुकानदार धवलभाई तिच्या शेजारच्या कुंदाताईंशी बोलण्यात गुंतलेले.

"काय ताई, गिझर लावला की सेफ्टी स्विच अजून पडतो?"

"लावल्यावर नाही हो. शॉवरचं पाणी अंगावर घेतलं की खटकन पडायचा. आमचे सासरे, नाना, रोज साबण लावून थंड पाण्याखाली."

"नवीन स्विच दिला होता ना मी?"

"तोही पडायचा. म्हणून काल ह्यांनी तो काढूनच टाकला. वायर डायरेक्ट जोडली. आता झकास चालतंय."

"डायरेक्ट?"

"हो ना. फक्त जोड उघडा आहे, तेवढी काळी पट्टी द्या."

"ताई, नाना पाण्याबद्दल काही बोलले?"

"खूश आहेत. म्हणतात, आता शॉवरखाली नुसतं उभं राहिलं तरी अंगाला मुंग्या येतात. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणे."

रेवती बल्ब मागायचं विसरली. धवलभाई काउंटरवरून पुढे झुकले.

"नाना आत्ता कुठेत?"

"घरी. मी निघाले तेव्हा पंचा शोधत होते."

"घरात अजून कोण आहे?"

"कोणी नाही. का हो?"

"फोन लावा. आधी फोन लावा त्यांना."

"लावते की, त्यात काय. हं, वाजतोय."

"उचलला?"

"नाही. आत्ताच शिरले असतील अंघोळीला."