मोंबाशाचे मेव्हणे

चहा घ्या, पण माझ्यासमोर मोंबाशाचं नाव काढू नका. आपण संस्थानातली माणसं, नवाबाची प्रजा, तरी आमच्या दादाने तिकडे अर्ज करून इंग्रजांची प्रजा झाल्याचा कागद मिळवला. मग स्वतः हमी देऊन माणसं नेऊ लागला. कोणाला? आधी थोरल्या मेव्हण्याला, मग मधल्याला. मी सख्खा भाऊ, आणि मी इथे श्रीवर्धनात सुपारी सोलतोय.

दिवाळीला दादा-वहिनी धाकट्या मेव्हण्याला न्यायला आले. माझा नुसता जळफळाट. म्हटलं, "दादा, मला कधी नेणार?"

"आधी तुझ्या वहिनीच्या भावांचं होऊ दे," दादा म्हणाला.

भाऊबीजेला तो धाकटा आमच्याकडे ओवाळून घ्यायला आला. मी त्याच्या शेजारी पाट मांडून बसलो.

"वहिनी, मलाही ओवाळा. आजपासून मीही तुमचा भाऊ."

तिने हसत मला कुंकू लावलं, ओवाळलं. मी तबकात ओवाळणी टाकून दादाकडे पाहिलं.

वहिनी म्हणाली, "बरं झालं हो. हे तिघेही तिकडे, बाबांची वाडी शिंपायला इथे एक तरी भाऊ हवाच होता."

आता तिघे मेव्हणे मोंबाशात. चौथा रोज सकाळी त्यांची वाडी शिंपतो.