देव्हाऱ्यातले वॉशर

हसू नका, पण त्या दिवशी माझं डोकं पार फिरलं होतं. काळाचौकीच्या आमच्या बंड्याची मुलगी दुसऱ्या दिवशी आजोबांच्या जुन्या गाडीतून लग्नाच्या हॉलवर जायची होती, आणि इंजिनाचा पट्टा नुसता किंचाळत होता. या शहाण्याने तीन नवे पट्टे घालून पाहिले, तरी तेच. मी गिरणीतला जुना फिटर. पुल्या एका रेषेत आहेत का बघायला दोरा धरला, तर डायनामोची पुली दोन सूत आत, म्हणजे पट्टा तिरका धावतोय!

"बंड्या, हिच्यामागचे वॉशर कुठायत?"

"दसऱ्याला इंजिन धुतलं ना रे, तेव्हा दोन उरले."

"उरले? मग फेकलेस?"

"छे! बाबांच्या गाडीचे ते. देव्हाऱ्यात ठेवलेत."

वर गेलो. बाळकृष्णाशेजारी दोन वॉशर, हळदकुंकू लावलेले, वर झेंडूचं फूल! मी हात घातला तर वहिनी ओरडली, "भावजी, ग्रीसचे हात! आधी आंघोळ करा."

केली बाबा आंघोळ. वॉशर बसवले, पट्टा गप्प झाला. बंड्या नारळ घेऊन आला, म्हणून मी ऐटीत हात पुढे केला. त्याने तो गाडीपुढे फोडला आणि मला म्हणतो, "बघितलंस? रोज पूजा केल्याचं फळ!"